कष्ट आणि व्यायाम : शरीराची हालचाल व मनाचे स्वास्थ्य



अहवालाच्या आधीच्या पृष्ठांवर खाटांची, शस्त्रक्रियांची आणि जमाखर्चाची आकडेवारी आपण पाहिली असेल. प्रथेप्रमाणे त्यानंतरची काही पृष्ठे आरोग्यविषयक लेखासाठी राखलेली असतात. यंदा शरीराची हालचाल आणि मनाचे स्वास्थ्य हा विषय घेतला आहे. विषय नवा नाही. शाळेच्या भिंतीवरील सुविचारांतही तो वाचावयास मिळतो. परंतु यंदाच तो घेण्यास एक कारण घडले आणि ते आमच्याच दप्तरात सापडले.

दर्यापूर तालुक्यातील एक शेतकरी, वय सुमारे अठ्ठेचाळीस, विष घेतलेल्या अवस्थेत आमच्या आकस्मिक विभागात दाखल झाले. डॉक्टर व परिचारिकांनी शर्थ केली, अकरा दिवस अतिदक्षता विभागात काढून ते वाचले. ते घरी गेल्यानंतर त्यांची कागदपत्रे एकत्र लावताना असे आढळले की, त्याआधीच्या चौदा महिन्यांत हेच गृहस्थ आमच्या बाह्यरुग्ण विभागात पाच वेळा येऊन गेले होते. एकदा कंबरदुखी, एकदा झोप येत नाही म्हणून, एकदा छातीत जळजळ आणि दोनदा अशक्तपणा. पाचही वेळा त्यांना औषध मिळाले. एका केसपेपरवर शेवटी 'नियमित चालावे, व्यायाम करावा' असेही लिहिलेले होते. मनाविषयी एकही प्रश्न विचारल्याची नोंद नव्हती.

ते रुग्णालयात असताना त्यांच्या पत्नी बिलाच्या खिडकीशी आल्या होत्या. व्यायामाचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "सायेब, सकायपासून वावरातच रायतेत हे. आनखी किती चालाव मानसानं?"

या प्रश्नाला त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. दोष कोणा एका डॉक्टरांचा नाही. बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटे येतात आणि ती व्यवस्था डॉक्टरांनी नव्हे, आमच्या कार्यालयाने लावलेली आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, वैद्यकशास्त्र आमचे क्षेत्र नव्हे. तरीही त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे. लेखातील वैद्यकीय भाग आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे.

शरीराचे दुखणे मनात कसे उतरते

आपल्याकडे शरीर व मन यांची खाती निरनिराळी मांडण्याची सवय आहे. ताप आला तर डॉक्टर, मन खचले तर देव, मांत्रिक किंवा 'होईल बरे' असा धीर. वास्तविक एका खात्यातील खर्च दुसऱ्या खात्यात नावे पडतो.

थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले की माणूस सुस्त होतो, त्याला थंडी सोसत नाही, वजन वाढते आणि त्याबरोबर मनही जड होते. घरचे लोक त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. 'ब-१२' जीवनसत्त्वाची उणीव शाकाहारी कुटुंबांत वारंवार आढळते. तिने हातापायांना मुंग्या येतात, तशी विस्मृती आणि उदासीही येते. रक्तक्षयाविषयी तर वेगळे सांगावयास नको. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. अर्ध्याहून अधिक स्त्रिया कमी प्राणवायूवर संसार हाकत असतील, तर त्यांच्या चिडचिडीला आणि रडू येण्याला स्वभावदोष म्हणण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासलेले बरे.

मधुमेहाच्या रुग्णांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या मानाने सुमारे दुप्पट असते. पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोकांना पुढे केव्हातरी नैराश्य गाठते. हे केवळ आजारपणाच्या दुःखामुळे होते असे नाही. मेंदूला झालेली इजा हेही त्याचे एक कारण आहे. उलट बाजूनेही हिशेब तसाच चालतो. खचलेला मधुमेही वेळेवर गोळी घेत नाही, पथ्य पाळत नाही, पायाची जखम दाखवत नाही. पाय कापावा लागलेल्या रुग्णांच्या कहाण्या आमच्या शल्यविभागात ऐकल्या की जखमेच्या आधी मन सडले होते असे वाटल्यावाचून राहत नाही. सततच्या वेदनेचीही तीच गोष्ट. कंबर रात्रभर ठणकत असेल तर झोप नाही, झोप नाही म्हणून चिडचीड आणि चिडचिडलेल्या माणसाला तीच वेदना अधिक जाणवते.

दारू आणि खर्रा यांचाही उल्लेख येथे केलाच पाहिजे. दोन्ही वस्तू 'टेन्शन' घालविण्यासाठी घेतल्या जातात. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती तुटक असते आणि नैराश्य दारूने निश्चित वाढते. खर्ऱ्याची तलफ भागल्यावर जे बरे वाटते, ते बहुतांशी तलफेचाच त्रास थांबल्याचे बरे वाटणे असते.

वर उल्लेखिलेल्या गृहस्थांच्या बाबतीत दाखल झाल्यावर रक्ततपासणी झाली, तेव्हा रक्तशर्करा पुष्कळ वाढलेली आणि 'ब-१२' फारच उतरलेले निघाले. पाच भेटींत ही तपासणी एकदाही झाली नव्हती. यामुळेच त्यांनी टोकाचे पाऊल उचलले असे आम्ही म्हणणार नाही. कर्ज होते, सोयाबीन हातचे गेले होते, मुलीचे शिक्षण अर्ध्यावर होते. परंतु हे ओझे उचलणारी पाठ आधीच वाकलेली होती आणि ते आम्हाला दिसले नाही.

व्यायामाने मनात काय घडते

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्याचा आजार असलेल्या, पन्नाशी व त्यापुढील १५६ व्यक्तींचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला औषध, दुसऱ्याला आठवड्यातून तीन वेळा देखरेखीखाली भरभर चालणे किंवा तत्सम व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखीच होती. औषधाच्या गटाला उतार लवकर पडू लागला, हे खरे. मात्र पुढील सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा व्यायामाने बरे झालेल्यांत आजार उलटण्याचे प्रमाण कमी आढळले.

दुसरा अभ्यास नॉर्वेमधील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. ३३,९०८ निरोगी प्रौढांवर अकरा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. संशोधकांचा हिशेब असा की, सर्वांनी आठवड्याला निदान एक तास व्यायाम केला असता तर पुढे उद्भवलेल्या नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे १२ टक्के टळले असते. त्यासाठी घाम गाळण्याचीही गरज नव्हती, सौम्य व्यायामही पुरला. दिवसाला नऊ मिनिटेही न भरणारा हा तास आहे. त्याच अभ्यासात चिंतारोगाच्या बाबतीत मात्र असा लाभ दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवितो.

हे घडते कसे? वर्तमानपत्रांतून 'एन्डॉर्फिन' हा शब्द इतक्या वेळा येतो की तेच एकमेव उत्तर आहे असे वाटावे. आमचे डॉक्टर त्याविषयी जरा सावध आहेत, कारण रक्तातील एन्डॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. अधिक भरवशाच्या गोष्टी साध्या आहेत. नियमित चालणाऱ्याची झोप सुधारते. स्नायू रक्तातील साखर वापरू लागतात. हृदयाची धडधड रोजच्या ओळखीची होते, त्यामुळे भीतीने ती वाढली तरी माणूस 'अटॅक आला' म्हणून घाबरत नाही. आमच्या ईसीजी कक्षात मध्यरात्री येणाऱ्या कित्येकांना याचा उपयोग होईल. आणि मेंदूवर प्रत्यक्ष परिणामही होतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १२० वृद्धांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालावयास लावले. स्मरणशक्तीशी संबंधित असलेला 'हिप्पोकॅम्पस' हा मेंदूचा भाग, जो उतारवयात आक्रसत जातो, तो चालणाऱ्यांत सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्या उरलेल्या निम्म्यांत तो घटला.

मग वावरात राबणे हा व्यायाम नव्हे काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हालचालीनेच मन सुधारत असते, तर पहाटे उठून डवरणीला जाणारा माणूस वऱ्हाडात सर्वांत प्रसन्न असावयास हवा. तसे नाही, हे आपण सर्व जाणतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशातील चार प्रदेशांत झालेल्या मधुमेहविषयक सर्वेक्षणातील शारीरिक हालचालीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात महाराष्ट्रही होता. चारही प्रदेशांत लोकांची सर्वाधिक हालचाल कामाच्या ठिकाणी होत होती. आणि महाराष्ट्रातील ९१.३ टक्के लोकांनी सांगितले की, विरंगुळ्यासाठी, खेळासाठी, स्वतःच्या मर्जीने म्हणून ते कसलीही हालचाल करीत नाहीत. शंभरातील एक्याण्णव माणसे! आमच्या मते त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर या एका आकड्यात दडलेले आहे.

२०१७ मध्ये निरनिराळ्या देशांतील अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा फावल्या वेळातील व्यायामाचा आणि चांगल्या मानसिक आरोग्याचा संबंध स्पष्ट दिसला. पोटासाठी केलेल्या कष्टाच्या बाबतीत तो दिसला नाही, उलट अधिक कष्ट करणाऱ्यांत मानसिक त्रास काहीसा अधिक आढळला. यावरून कष्टच मन बिघडवितात असा निष्कर्ष कोणी काढू नये. कष्टाची कामे बहुधा गरिबाच्या वाट्याला येतात आणि गरिबीचे चटके मनाला बसतातच. पण कष्टाला व्यायाम समजून आपण स्वस्थ राहू नये, एवढे निश्चित.

दोहोंत फरक कोणता? कपाशी वेचणारी बाई पाहावी. ओटीत कापूस भरत, कमरेत वाकून ती दिवस काढते. मजुरी किलोवर, म्हणून हात थांबविता येत नाही. एकच कोन, तेच स्नायू, डोक्यावर ऊन. घरी आल्यावर चूल, पाणी, लेकरे. तिच्या शरीराची हालचाल मोजली तर ती भरपूर भरेल. परंतु व्यायामात स्नायूंना ताण दिल्यावर जी विश्रांती मिळते आणि ज्या विश्रांतीत ते सावरतात, ती तिला मिळत नाही. पुरुषांची रात्रही झोपेची नसते. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जागलीवर जावे लागते. झोप अशी तुकड्यातुकड्यांची झाल्यावर दिवसाचे श्रम अंगाला लागत नाहीत, अंगावर साचतात.

दुसरा फरक मर्जीचा. व्यायाम करणारा माणूस केव्हाही थांबू शकतो. फवारणी करणारा थांबू शकत नाही, कारण अळी थांबत नाही. तिसरा फरक मनात काय चालले आहे याचा. खेळणाऱ्याचे लक्ष खेळात असते. एकटा डवरा हाकणाऱ्याचे लक्ष तासात असले तरी मन बँकेत, कृषी केंद्राच्या उधारीत आणि आभाळात असते. तेच ते विचार घाण्याच्या बैलासारखे फिरत राहतात. आणि चौथा फरक सोबतीचा. पूर्वी सोंगणीला, निंदणाला माणसे मिळून जात. आता यंत्रे आली, तणनाशके आली, काम सोपे झाले आणि वावरात माणूस एकटा पडला. यंत्रांना आमचा विरोध नाही. जे घडले ते नोंदवीत आहोत.

अमरावती-अकोल्याची पुण्याई

हा फरक आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हता असे नाही. १९१४ साली अमरावतीत अंबादासपंत व अनंत कृष्ण वैद्य या बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा या भागातील बहुसंख्य लोक शेतीवरच राबणारे होते. त्यांना श्रमाची उणीव नव्हती. तरीही आखाडा हवा असे या बंधूंना वाटले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली, ही गोष्ट अमरावतीकर अभिमानाने सांगतात. आमच्या दृष्टीने अभिमानाची दुसरीही एक गोष्ट आहे. खेळ ही श्रमणाऱ्या माणसाचीही गरज आहे, हे येथे शंभर वर्षांपूर्वी ओळखले गेले.

श्रमानेही मन उभे राहू शकते, याचे उदाहरणही याच शहरात आहे. डॉ. शिवाजीराव तथा दाजीसाहेब पटवर्धन यांनी १९४६ मध्ये विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापून तपोवन उभे केले. ज्यांना घराने व गावाने टाकले होते, अशा कुष्ठरुग्णांना तेथे औषधाबरोबर शेती आणि हस्तोद्योगांचे काम मिळाले. माती तीच, कुदळही तीच. परंतु ते काम झेपेल तेवढे होते, सोबतीने होते, आणि ते करणाऱ्याला 'तू निरुपयोगी नाहीस' असे सांगणारे होते. दर्यापूरच्या वावरातील कष्ट आणि तपोवनातील श्रम यांत नेमका हाच भेद आहे.

अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन तरुण मंडळी पायी राजराजेश्वर मंदिरात येतात. खांद्यावर कावड, पायाला फोड, तरी चेहरे उजळलेले. शेगावच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालणाऱ्यांना विचारावे, वर्षभरातील सर्वांत हलके दिवस कोणते, तर ते हेच सांगतील. वर सांगितलेल्या चार फरकांपैकी मर्जी, एकाग्रता आणि सोबत या तीन गोष्टी तेथे एकत्र येतात. अर्थात वर्षातून एकदा चालणे म्हणजे व्यायाम नव्हे. कावडीनंतरच्या मंगळवारी आमच्या अस्थिरोग विभागात गर्दी का वाढते, हे आमच्या डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे.

व्यायामाने काय होत नाही

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. व्यायामाने कर्ज फिटत नाही, भाव मिळत नाही, पाऊस पडत नाही. शेतकऱ्याच्या दुःखावर 'योगासने करा' एवढेच सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे. तसेच तीव्र नैराश्यात माणसाला अंथरुणातून उठणेही अशक्य होते. अशा वेळी 'जरा फिरून ये' असा आग्रह धरला तर त्याच्या मनात अपराधाची भावना तेवढी वाढते. तेथे मनोविकारतज्ज्ञ व औषधे यांना पर्याय नाही, आणि चालू असलेले औषध व्यायामाच्या भरवशावर आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

मग नेमके काय करावे, याचा एक चांगला नमुना शेजारच्या गोव्यातून मिळतो. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या परंतु प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. भेटीत मुख्यतः एकच काम होते : पूर्वी काय करावयास आवडत असे ते शोधणे आणि त्याकडे थोडे थोडे परत नेणे. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

आपल्या अमरावती जिल्ह्यातही ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबविण्यात आला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याविषयी बोलावयाचे, लागेल त्याला समुपदेशक व डॉक्टरांपर्यंत पोचवावयाचे. आरंभी नैराश्य असलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के लोक त्यासाठी मदत घेत होते. अठरा महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्के झाले. लोकांना मदत नको असते हा समज या आकड्यांनी खोटा ठरविला. त्यांना कोणी विचारलेले नसते.

घरच्यांसाठी काही सूचना

आरंभ लहान करावा. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे, तीही सोबतीने. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल सुचविली आहे, पण हा आकडा खचलेल्या माणसापुढे पहिल्याच दिवशी ठेवू नये. 'तुम्ही चाला' यापेक्षा 'चला, आपण पाराशी जाऊन येऊ' हे अधिक उपयोगी पडते. अमरावतीकरांना मालटेकडी आणि वडाळी तलाव, अकोलेकरांना कृषी विद्यापीठाचा परिसर आहेच. खेड्यात नदीकाठ, शाळेचे मैदान पुरे.

आपल्याकडील उन्हाळा विसरू नये. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत सकाळी सातच्या आत घरी परतावे. दिवसभर कष्ट करणाऱ्यांनी आणखी श्रमाचा व्यायाम घेण्याऐवजी अंग सैल करणारे ताण, दीर्घ श्वसन आणि शक्य असेल तेथे चार माणसांत खेळ किंवा भजन निवडावे. मधुमेहींनी अनवाणी चालू नये व परतल्यावर तळपाय पाहावेत. छातीत दुखत असेल, चालताना दम लागत असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी.

कोणी 'आता जगण्यात अर्थ नाही' असे बोलू लागला, अचानक वस्तू वाटून टाकू लागला, तर त्याला सरळ विचारावे की जीव देण्याचा विचार मनात येतो काय. असे विचारल्याने तो विचार बळावतो ही समजूत चुकीची आहे. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे कुलूपबंद करावीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

त्या गृहस्थांविषयी थोडे. समुपदेशक ताईंनी तिसऱ्या भेटीत त्यांना गोव्यातलाच प्रश्न विचारला : पूर्वी काय आवडायचे? बराच वेळ गप्प राहून ते 'कबड्डी' म्हणाले. तरुणपणी तालुक्याच्या संघातून खेळत असत. वडील गेले, शेती अंगावर आली, तेव्हापासून बावीस वर्षांत मैदानावर पाय ठेवला नव्हता. आता ते गावच्या पोरांच्या खेळात सायंकाळी पंच म्हणून उभे राहतात. नैराश्याच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, 'ब-१२'ची इंजेक्शने झाली आहेत. पाच तास झोप लागते असे मागच्या भेटीत म्हणाले. बँकेचे देणे जसेच्या तसे आहे.

एका देणगीदारांनी गेल्या वर्षी रुग्णालयास दोन ट्रेडमिल देऊ केल्या होत्या. आम्ही त्यांना विनंती केली की, तीच रक्कम बाह्यरुग्ण विभागामागील पडीक जागेसाठी द्यावी. त्यांनी मोठ्या मनाने ती मान्य केली. जागा सपाट करून चालण्यासाठी गोल रस्ता आणि निंबाच्या सावलीत बाके झाली आहेत. सकाळी साडेपाच ते आठ आणि सायंकाळी पाच ते सात या वेळेत रुग्णांचे नातेवाईकही तेथे येऊ शकतात, केसपेपर लागत नाही. कंबरदुखी, निद्रानाश किंवा अशक्तपणासाठी तिसऱ्यांदा येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला आता रक्ततपासणीबरोबर समुपदेशक ताईंकडे पाठविले जाते आणि तेथे त्याला वीस मिनिटे मिळतात. उरलेल्या रकमेतून ताईंचे मानधन दिले जात असून ते येत्या मार्चअखेर पुरेल. त्यापुढील तरतुदीचा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर पाचव्या क्रमांकावर ठेवला आहे.